डावी टाच वळव, पोरी

झुंबर,

दुधी भोपळा म्हटल्यावर त्या पोराने रडायचं काय कारण होतं, हे मला अजून समजलेलं नाही. चांगला दांडगा होता. दंडावर वाघ गोंदवलेला होता. अंगाला तेल चोपडून, चड्डीवर, भरल्या मंडपासमोर उभा राहिला तेव्हा त्याला लाज वाटली नाही. आणि तू माईकवरून एवढंच म्हणालीस, "गडी तुकतुकीत हाय, पण दुधी भोपळा हाय. कुठं रेघ म्हणून नाय." तर खाली उतरून टॉवेलात तोंड घालून हुंदके द्यायला लागला. तू त्याच्यापुढे जाऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "अरं, दुधी काय वाईट नसतो. पण दोडक्यांच्या स्पर्धेत कशाला आलास?"

याला सांत्वन म्हणतात का?

हे पत्र तुला आहे, पण वाचतील दुसरेच. तू वाचणार नाहीस. तुला वाचता येतं, पण "एवढं बारीक कोण बघत बसतं" म्हणून तू लग्नाची पत्रिकासुद्धा माझ्याकडून वाचून घ्यायचीस. आणि माणसाच्या पाठीवरची केसाएवढी रेघ मात्र तुला मंडपाच्या टोकावरून दिसायची. तर जे वाचतील त्यांना तू कोण ते सांगायला हवं. तुला माहीत असलेलंच पुन्हा ऐकावं लागेल. ऐक मुकाट्याने, एकदा तरी.

तू मखमलाबादची. कालव्याच्या पाण्यावर फ्लॉवर, दोडका, वाटाणा करणाऱ्या घरातली. सासर घोटीचं, भाताच्या व्यापारातलं. नवऱ्याशी तुझं पटलं नाही यात नवल नव्हतं. नवल हे, की सासूशी फार पटलं. दोघींनी मिळून त्याचा विचार केला आणि सासूनेच तुला माहेरच्या गाडीत बसवून दिलं. पुढे कितीतरी वर्षं ती म्हातारी घोटीहून तुझ्याकडे तांदूळ घेऊन यायची आणि जाताना भाजी न्यायची. असं सासर-माहेर मी दुसरं पाहिलेलं नाही. असो. मुद्द्यावर येते.

तुझा धाकटा भाऊ लहानू अंबडला एका कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर होता आणि सुटी झाली की व्यायामशाळेत. तुला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सगळा वेळ त्याच्या अंगात गेला, असं लोक म्हणायचे. मला ते पटत नाही. मूल नाही म्हणून बाई भावाच्या पाठीकडे बघते, हे कुठलं शास्त्र? तुला बघायला आवडायचं, म्हणून तू बघायचीस. तो व्यायाम करायला लागला तेव्हा घरात आरसा होता तो तोंडापुरता. पाठ कशी दिसते ते त्याला सांगायला कोणीतरी हवं होतं. त्याने तुला विचारलं, तू सांगितलंस, आणि त्याला जेवढं ऐकायचं होतं त्यापेक्षा जास्त सांगितलंस. सुरुवात एवढीच.

आता मी. मी राजच्या केबलवर संध्याकाळच्या बातम्या वाचायचे. राज हा माझ्या दिरांचा मुलगा. पंचवटीत त्याने केबलचा धंदा टाकला, आणि सिनेमांच्या मधे गावच्या बातम्या दाखवायची टूम काढली. "काकू, तुम्ही बी.ए. आहात, भाषा स्वच्छ आहे, आणि पैसे मागणार नाही," असं त्याने तोंडावर सांगितलं. मी काठाची साडी नेसून पाणीकपात, हरवलेली माणसं आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा वाचायचे. शहाण्णव साली त्याने एका तालीम मंडळाची शरीरसौष्ठवाची 'श्री' स्पर्धा चित्रित करायचं घेतलं. तालीम मंडळाचं नाव घेत नाही, ती माणसं अजून आहेत आणि मला त्यांच्याच भागातून दूध आणावं लागतं.

माझं काम होतं विजेत्यांच्या मुलाखती. पुरुष सगळे एकच बोलायचे, आईवडिलांचे आशीर्वाद आणि गुरूंची कृपा. मग राज खुणेने सांगायचा, आता घरच्या बायकांना घ्या. घरच्या बाईला विचारायचा प्रश्नही ठरलेला होता: खायला काय घालता? ती लाजून सांगायची, अंडी, दूध, मोड आलेली कडधान्यं. त्या सुमाराला शरीरसौष्ठवावरची जी मासिकं स्टँडवर मिळायची ती मी राजच्या दुकानात चाळली होती. त्यातही तसंच. बाई असली तर एक तर विजेत्याच्या दंडाला लोंबकळलेली, नाही तर पातेल्यापाशी. शरीराबद्दल एक अक्षर बोलणारी बाई मला त्यात सापडली नाही. खरं सांगायचं तर मी तेव्हा शोधलीही नव्हती. ते वाक्य आता सुचतंय.

लहानू त्या वर्षी दुसरा आला. मी माईक तुझ्यापुढे धरला.

"भावाला काय खायला घालता?"

"खातो तो. त्यालाच इचारा."

"पण करता तर तुम्ही ना?"

"माझ्याशी बोलायचं तर त्याच्या पाठीचं बोला. वर फ्लॉवर आलाय बघा, गड्डा नुसता. पण खाली शेवगा. दोन शेंगा उभ्या केल्यात. पोटऱ्याच नायत. पंचांनी दुसरा दिला, मी तिसरा दिला असता."

लहानू बाजूलाच कप घेऊन उभा होता. "अक्का, अगं टीव्हीवर घेतायत!"

"मग काय टीव्हीवर पोटऱ्या वाढत्यात का?"

मला हसू आवरेना. राजने ते सगळं कापून टाकलं. रविवारी केबलवर दिसली ती पुढच्या विजेत्याची आई, आणि तिची कडधान्यं. मी राजला विचारलं तर म्हणाला, "काकू, सख्खी बहीण भावाला नावं ठेवते, बरं दिसतं का?" मी म्हटलं, नावं कुठे ठेवली, तिने पोटऱ्या मोजल्या. त्याला ते कळलं नाही. मला मात्र तू कळायला हवी होतीस. म्हणून बुधवारी मी गोदाकाठी, गंगेवरच्या बाजारात मुद्दाम तुझ्या पथारीपाशी आले. तू मला पाहून म्हणालीस, "या बातम्यावाल्या बाई, वांगी घ्या. खोटं नाय सांगत, निम्मी किडकी हायेत, निवडून देते."

तेव्हापासून मी तुझं गिऱ्हाईक.

पुढच्या वर्षीची गोष्ट सगळ्या पंचवटीला माहीत आहे, पण प्रत्येक जण वेगळी सांगतो, म्हणून मी सांगते तीच धरा. या स्पर्धांचं निवेदन करायचे जयरामअण्णा, एका शाळेतले पी.टी.चे मास्तर. अतिशय सज्जन माणूस, आणि शेरोशायरीचा भयंकर नाद. पोझ चालू असताना निवेदक काय बोलतो यावर मंडप तापतो किंवा झोपतो, हे मला तिथे बसून कळलं. खेळाडू दंड फुगवून श्वास रोखून उभा असतो आणि पब्लिकला काय बघायचं ते कोणीतरी सांगावं लागतं. नाही तर सगळ्यांना सगळे सारखेच दिसतात. मला तर दिसायचेच.

त्या दिवशी अण्णांचा घसा बसला. आदल्या दिवसापासून शिवजयंतीच्या मिरवणुकीत ओरडले होते. त्यांनी माईक माझ्या हातात दिला, कारण मी बातम्या वाचते. मी नावं वाचली. गाव वाचलं. मग पहिला खेळाडू वळला आणि मी म्हणाले, "छान." दुसरा वळला. मी म्हणाले, "अप्रतिम." तिसऱ्याला मी पुन्हा छान म्हणाले तेव्हा मागून आवाज आला, "ओ आजी, हवामान पण सांगा!" माझी तेव्हा पन्नाशीही धड उलटलेली नव्हती.

तू स्टेजच्या मागे लहानूच्या पाठीला तेल लावत होतीस. तशीच आलीस, तेलकट हातांनी माईक घेतलास. तो माईक पुढे चार दिवस हातातून सटकायचा, राजने माझ्याकडेच तक्रार केली.

"ह्याच्या मांडीकडं बघा," तू म्हणालीस. "दोडका. शिरा मोजून घ्या. ह्यो पलीकडचा मोठा दिसतोय, पण मोठं असणं येगळं आन् भरणं येगळं. नवलकोल कधी हातात घेतलाय का? तसा दंड पायजे, दाबला तर बोट आत जायला नको."

आधी हसले. मग माना पुढे काढून बघायला लागले. मीही बघितलं, झुंबर. तोवर मी पुरुषांच्या मांड्यांकडे असं टक लावून बघितलं नव्हतं, आणि बघितलं असतं तर सांगितलं नसतं. तू दाखवलंस तशी खरोखरच मांडीवर एक रेघ होती, तिच्या शेजारी दुसरी होती, आणि तो मुलगा पाय जरा फिरवायचा तशा त्या जाग्या व्हायच्या. मला ते एखाद्या यंत्राचं झाकण काढून आत बघितल्यासारखं वाटलं. त्यात चाळवण्यासारखं काही नव्हतं. निदान मला नव्हतं. बाकीच्या बायकांचं मी कशाला सांगू?

आणि मग तो दुधी भोपळ्याचा मुलगा आला, आणि ते रडणं झालं.

मी पुष्कळ विचार केला त्यावर. अण्णा त्याच्या आधीच्या वर्षी एकाला "हवा गेलेली ट्यूब" म्हणाले होते, तो हसत उतरला होता. मग हा का रडला? मला वाटतं, हसणाऱ्यांत या वेळी बायका होत्या. बायकांच्या खुर्च्या कडेला, खांबाआड मांडलेल्या असायच्या, वर पाटी 'महिलांसाठी राखीव'. त्या खुर्च्यांतून आवाज यायची कोणाला सवय नव्हती. पण हे माझं म्हणणं. तू म्हणायचीस, "बाई, रेघा दिसाव्यात म्हणून त्यानं दोन दिवस पाणी पिलं नव्हतं. तहानलेलं माणूस रडतंच." तुझंही खरं असेल.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ज्येष्ठांनी तुला बोलावलं. मी बरोबर आले, कारण मला ऐकायचंच होतं. ज्येष्ठ म्हणाले, "हे बघा, तुमचं बोलणं पब्लिकला आवडलं. पण बाईमाणसाच्या तोंडी पुरुषाची मांडी शोभत नाही."

"मग आमाला खुर्च्या कशाला मांडता?" तू म्हणालीस. "डोळे मिटून बसायला?"

"बघायला ना नाही. बोलायला..."

"म्हंजी बघायचं आन् गिळायचं."

त्यांनी चहा मागवला. या गावात ज्याला उत्तर येत नाही तो चहा मागवतो. शेवटी तोड निघाली ती अशी, की तू अण्णांच्या शेजारी, पडद्याच्या कडेला बसायचं, त्यांच्या कानात सांगायचं आणि अण्णांनी ते माईकवर म्हणायचं. तू चक्क हो म्हणालीस. मी रिक्षात तुझ्याशी भांडले. तुझे शब्द, त्यांचं तोंड, तुला काही वाटत नाही? तू म्हणालीस, "बोलू द्या की. बोलणं पब्लिकला पोचल्याशी मतलब."

आणि ते पोचलं. वर्षानुवर्षं. अण्णांचे दोडके आणि नवलकोल आडगाव, सातपूर, सिन्नरपर्यंत गेले. एका स्थानिक पेपरने त्यांच्या 'अस्सल मातीतल्या निवेदनशैली'वर फोटोसकट चौकट छापली. ती मी तुला वाचून दाखवली. तू वांगी निवडत ऐकलीस आणि फक्त एक तक्रार केलीस. "सगळं बरोबर म्हणतो, पण चुकीच्या जागी थांबतो. मी म्हणते 'दोडका', मग जरा दम खाते, तवर माणूस मांडीकडं बघतो. अण्णा म्हणत्यात 'दोडका' आन् लगेच टाळ्यांची वाट बघत्यात. लोक मग अण्णांकडं बघत्यात, मांडी ऱ्हातीच."

अण्णांना हे मी सांगितलं. ते म्हणाले, "ताईंचं बरोबर आहे." आणि पुढच्या स्पर्धेत पुन्हा तसंच थांबले.

तर अशा सगळ्याला तू राजी होतीस. म्हणून कशिशच्या वेळी तू अडून बसलीस तेव्हा मला आधी समजलंच नाही की हिला अचानक झालं काय.

सिंहस्थ आटोपला, मंडपवाले रिकामे झाले, आणि त्या हिवाळ्यात मंडळाने जाहीर केलं की या वर्षी महिला शरीरसौष्ठवाचं प्रात्यक्षिक होणार. मुलगी होती कशिश. देवळाली कॅम्पातल्या एका लष्करी हवालदाराची. वडिलांबरोबर तिथल्या व्यायामशाळेत जायला लागली आणि वडील थकले तरी जात राहिली. मंडळाने तिला काय घालायचं यावर तीन बैठका घेतल्या. बिनबाह्यांचा बनियन चालेल, खाली ट्रॅकपँट पाहिजेच, असं ठरलं. त्या बैठकांत कशिश नव्हती, हे सांगायला नकोच.

तालमीसाठी ती आली त्या दुपारी तू अण्णांना विचारलंस, "पोरीच्या टायमाला काय बोलणार?"

अण्णांनी खिशातून कागद काढला. जिजाऊ, झाशीची राणी, दुर्गेची नऊ रूपं, मग शेवटी एक शेर.

"आन् पाठीचं?"

अण्णा लाल झाले. "ताई, मी मुलीच्या पाठीबद्दल कसं बोलू? माझ्या शाळेत मुली आहेत."

"पोरीनं पाठ कमावलीय. झाशीच्या राणीनं नाय कमावली. ती मंग कुनासाठी उभी ऱ्हाणार?"

"मान आहे तो, ताई. तिला देवी म्हणतोय मी."

"देवीला कोन बघतं? हात जोडत्यात आन् खाली बघत्यात."

आणि तू सांगितलंस की कशिशच्या वेळचं मी बोलणार. कानात नाही, माईकवर. नाही तर उद्यापासून अण्णांच्या कानाशी दुसरं कोणी बसवा. सगळ्या वर्षांत तू मागितलेली ही एकच गोष्ट. मंडळाने नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. चहा मागवला.

स्पर्धेच्या संध्याकाळी मी राजच्या कॅमेऱ्याशेजारी होते. तू पडद्याच्या कडेला, नेहमीच्या जागी. कशिश आली. सावळी, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर काहीच नाही. स्टेजवर आल्या आल्या तिने काय केलं, तर खाली वाकून ट्रॅकपँट दोन्ही पायांवर गुडघ्यापर्यंत गुंडाळली. तीन बैठका गुंडाळल्या गेल्या. मग कुठून तरी शीळ आली, मग दुसरीकडून.

गाणं सुरू झालं, तिने दोन्ही दंड वर घेतले, आणि अण्णांनी कागद उघडला. "आदिशक्ती, जगदंबा..."

पोझ धरायची म्हणजे काय हे वाचणाऱ्यांना सांगते, कारण मला तुझ्याकडून कळलं. अंगातला प्रत्येक स्नायू आवळून, चेहरा सैल ठेवून उभं राहायचं. निवेदक एक गोष्ट दाखवतो, लोक बघतात, पोझ बदलते. इथे अण्णा जिजाऊंपर्यंत पोचले होते आणि मुलगी अजून पहिल्याच पोझमध्ये. सोडावी तर निवेदन अर्धवट, धरावी तर हात भरून येतात. तिचा उजवा दंड थरथरायला लागला. मला तो दिसला, म्हणजे मी इतकी वर्षं उगाच बसले नव्हते.

तू अण्णांच्या कोपराला हात लावलास. "अण्णा, पोरीची पोझ सुटतीय. पोरीचं बोला, नाय तर द्या इकडं."

अण्णांनी कागदाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि माईक तुला दिला. कुणी म्हणतात तू ओढून घेतलास. मी बघत होते. त्यांनी दिला. सुटल्यासारखा दिला.

आता मी वाट बघत होते ती भाजीची. सगळा मंडप तीच वाट बघत होता. मागे काही पोरं आधीच हसायच्या तयारीत होती. आणि तू एकही भाजी घेतली नाहीस, झुंबर. एकसुद्धा नाही.

"खांदा बघा," तू म्हणालीस, आणि थांबलीस. दम खाल्लास. लोकांनी खांदा बघितला. "तीन भाग असत्यात खांद्याचे. पुढचा. मधला. मागचा. मागचा सगळ्यांचा झोपलेला असतो. हिचा जागा हाय." थांबलीस. "वळ पोरी. आता पाठ. खालून वर बघत या. कमरेपाशी बारीक, वर रुंद. हे जेवून येत नाय. वढाय लागतं. ह्या मंडपातल्या किती गड्यांना दांडीला लटकून दहा वेळा वर जाता येतं? हात वर करा." कोणी केला नाही. शीळ बंद झाली होती.

मग तू म्हणालीस, "आता पोटरी. डावी टाच वळव, पोरी, बाहेर काढ, दिसू दे."

कशिशने डावी टाच वळवली. पोटरी उभी राहिली, मधोमध रेघ पडली, आणि खांबाआडच्या खुर्च्यांतून टाळ्या सुरू झाल्या. लहानू माझ्यामागे होता, तो आपल्या पायांकडे बघून म्हणाला, "अक्कानं जिरवलीच माझी परत."

नंतर मी तुला विचारलं, की भाज्या कुठे गेल्या? मला खरंच कुतूहल होतं. पुरुषाला दोडका म्हणताना तुझी जीभ अडली नाही, मुलीच्या वेळी काय झालं? तू माझ्याकडे असं पाहिलंस, की ही बाई बी.ए. कशी झाली.

"बाईच्या अंगाला भाजीची न् फळाची नावं लोक रोज देत्यात, बाई. बाजारात माझ्या पथारीपुढं उभं ऱ्हाऊन ऐका एक दिवस. तिला त्येच मी माईकवरून देऊ?"



रविवारी केबलवर स्पर्धा लागणार होती. तू पहिल्यांदाच स्वतःहून म्हणालीस की मला बघायचं आहे, आणि माझ्या घरी आलीस. धुतलेलं पातळ नेसून, भुईमुगाच्या शेंगा घेऊन. तुला तुझा आवाज ऐकायचा होता. इतकी वर्षं अण्णांच्या तोंडून ऐकलास. आपला कसा लागतो ते तुला माहीतच नव्हतं.

त्याच्या आदल्या दिवशी राज माझ्याकडे येऊन गेला होता, ते मी तुला तोवर सांगितलं नव्हतं. मंडळाने त्याला म्हटलं होतं की मुलीचा भाग दाखवा, पण त्या बाईचं बोलणं घराघरात नको. राज मला म्हणाला, "काकू, तुम्ही स्वच्छ भाषेत दोन ओळी बोला, मी वरून चढवतो." मी म्हटलं, मी काय बोलू, छान आणि अप्रतिम? तिचंच ठेव. तो म्हणाला, बघतो. मला वाटलं, ठेवेल.

त्याने वरून बासरी चढवली.

कशिश आली, वाकली, ट्रॅकपँट गुंडाळली. बासरी. खांदा. बासरी. पाठ वळली. बासरी. तू कॅमेऱ्यात नव्हतीसच, तू कडेला होतीस. मुलगी एखाद्या विहिरीच्या तळाशी असल्यासारखी वळत होती आणि कोणीच तिच्याशी बोलत नव्हतं. मी राजच्या नावाने सुरू केलं, ते तू हाताने थांबवलंस. तू टीव्हीच्या अगदी जवळ सरकलीस.

"थांबा बाई. टाच बघा."

कशिशने डावी टाच वळवली.

"वळवली," तू म्हणालीस. "मी सांगितल्यावर वळवली, का आधीच?"

मी म्हटलं, सांगितल्यावरच. मी तिथे होते.

"तुमी मागं होतात. ती तिच्या ठरल्यापरमानं बी वळवणार असंल. पाठीनंतर पोटरीच येती." तू बोटाने काचेवर तिची टाच दाखवलीस. "स्पीकर सगळे पब्लिककडं तोंड करून. गाणं मोठं. स्टेजवर निवेदन ऐकूच येत नाय, लहानू म्हणतो. तिला माझं ऐकू आलं का?"

आवाज असता तर कळलं असतं. आधी तुझं वाक्य की आधी टाच, शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. पण वर बासरी. मी राजकडे गेले, मूळ कॅसेट मागायला. त्याने त्याच कॅसेटवर एका नगरसेवकाचा वाढदिवस घेतला होता. मग मी राजला जे बोलले ते इथे लिहीत नाही, त्याच्या घरचे वाचतील. त्याच महिन्यात मी बातम्या सोडल्या.

तुला मात्र राजचं, मंडळाचं काही पडलं नव्हतं. "घराघरात नाय गेलं तर नाय गेलं," तू म्हणालीस. "जिच्यासाठी बोलले तिला गेलं का, एवढं कळू दे." यानंतर बाजारात मी भेटले की तुझं तेच. एखाद्याच्या दाढेत काही अडकावं तसं. शेवटी आपलं ठरलं, की दोघींनी देवळाली कॅम्पला जायचं, हवालदाराचं घर शोधायचं आणि मुलीलाच विचारायचं. फोन नको म्हणालीस. "फोनवर मानूस हो म्हणून टाकतं. तोंड बघून इचारायचं."

तू ठरल्या शनिवारी पिशवीभर वाटाणा घेऊन माझ्या दारात आलीस, मुलीच्या आईला द्यायला. मला हुडहुडी भरून ताप आला होता. तू वाटाणा माझ्याकडेच ठेवलास आणि उलट माझ्या सुनेला सोलायला बसवलंस. पुढच्या शनिवारी तुझ्याकडे फ्लॉवर एकदम निघाला, सोडता येईना. मग होळी आली. मग घोटीहून निरोप आला की तुझी सासू पडली, आणि तू तिचं करायला निघून गेलीस. नवरा त्याच घरात होता, तरी गेलीस. म्हणालीस, "त्याच्याकडं बघायचंच नाय, म्हातारीकडं बघायचं." उन्हाळ्यात जयरामअण्णा भेटले. ते म्हणाले, त्या हवालदाराची बदली झाली, मुलगीही गेली. कुठे? ते त्यांनाही माहीत नव्हतं. अण्णा आता कानाशी कोणी नसताना बोलतात. दोडका म्हणतात, आणि काय सांगू, हल्ली थांबतातही बरोबर जागी.

मी निरोप पाठवला होता घोटीला, की मुलगी गेली. तुझा उलटा निरोप आला, की कॅम्पात जाऊन शेजाऱ्यांना पत्ता विचारा, मी येते मग दोघी जाऊ, कुठे का असेना. मी म्हटलं, तू ये, मग जाऊ. तू म्हणालीस, म्हातारीला बरं वाटलं की येते. ती अजून येतेच आहेस.

कॅम्पची बस अजून शालिमारच्या थांब्यावरूनच सुटते.